काकू, उद्या फ्लाइट आहे!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परीक्षा संपल्यावर मित्रमैत्रिणींनी मिळून कमी पैशांत थायलंड, बाली, व्हिएतनाम कसं फिरावं, यावर आपल्या रविवारच्या पुरवणीत पानभर मजकूर आला होता. तिकीट कधी काढावं, स्वस्त डॉर्मिटरी कशी शोधावी, तिकडचं सिम कुठे घ्यावं, सगळं नीट सांगितलं होतं. मजकूर उपयोगाचा होता, त्याबद्दल तक्रार नाही. पण पानभरात तब्येतीसाठी एकच ओळ होती, ‘आवश्यक ती औषधे सोबत ठेवावीत.’ माझं पत्र त्या एका ओळीबद्दल आहे.

कोथरूडमध्ये माझं औषधांचं दुकान आहे. मी बी. फार्म. झालेली आहे आणि काउंटरवर स्वतः उभी राहते. आजूबाजूला कॉलेजं, होस्टेलं, पीजी भरपूर. मे-जूनमध्ये आणि पुन्हा डिसेंबरात रात्री आठ-साडेआठला तीन-चार पोरं दुकानात शिरतात. “काकू, उद्या फ्लाइट आहे. एक मेडिकल किट करून द्या ना!” किट म्हणजे तापाची गोळी, जुलाबाची, उलटीची, ॲसिडिटीची, आणि वर ‘एखादं चांगलंसं ॲंटिबायोटिक’. चेहरे आनंदाने फुललेले असतात. पहिल्यांदा देशाबाहेर निघालेली असतात, काहींच्या तर घरातून पहिल्यांदाच कुणी निघालेलं असतं. मला त्यांचं कौतुकच वाटतं. या वयात जग बघायलाच हवं. ॲंटिबायोटिक सोडून बाकीचं मी बांधून देते, पण देताना जीव खालीवर होतो, कारण या वयाच्या मुलांना तिकडे खरा धोका ज्याचा असतो त्यावर माझ्या दुकानात गोळी नाही.

तो धोका म्हणजे भाड्याची स्कूटर, समुद्र आणि दारू. जगभरात ५ ते २९ या वयात मृत्यूचं पहिलं कारण रस्त्यावरचे अपघात आहेत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडे मात्र परदेशी निघालेल्या मुलाला बजावलं जातं ते पाणी बाटलीबंद पी, कच्चं सॅलड खाऊ नकोस. तेही खरंच आहे. पण पोट बिघडलं तर दोन-तीन दिवसांत ताळ्यावर येतं.

पुण्याची मुलं दुचाकीवरच मोठी होतात. संध्याकाळी सहा वाजता नळ स्टॉपच्या चौकातून गाडी काढणाऱ्याला बालीतल्या रस्त्याची भीती कशाला वाटेल? आणि हेल्मेटशी आपल्या शहराचं काय वैर आहे ते सगळ्यांना माहीत आहे, तीच सवय घेऊन ती विमानात बसतात. आमच्या भागातल्या एका इंजिनीअरिंगच्या मुलाचं मागच्या वर्षी असंच झालं. थायलंडमधल्या एका बेटावर रात्री पावसात उताराच्या वळणावर गाडी घसरली आणि मांडीचं हाड मोडलं. हेल्मेट हँडलला अडकवलेलं होतं. डोक्याला लागलं नाही ही देवाची कृपा. तिथल्या खासगी रुग्णालयाने शस्त्रक्रियेआधी पैसे भरायला सांगितले. पहाटे घरी फोन आला, सकाळी वडिलांनी मुदत ठेव मोडली. विमा काढलेला होता, त्यामुळे पैसे नंतर मिळतील असं सगळे धरून चालले होते. विमा कंपनीने दावा नाकारला. कारण मुलाकडे आंतरराष्ट्रीय वाहन परवाना नव्हता, आणि वैध परवान्याशिवाय गाडी चालवताना झालेल्या अपघाताचा खर्च मिळणार नाही, हे कलम पॉलिसीत होतं. अकराव्या का बाराव्या पानावर, बारीक इंग्रजी टायपात. त्या मुलाची आई माझ्याकडे त्याची औषधं न्यायला यायची. “आधी कुणी सांगितलं असतं तर!” एवढंच ती दर वेळी म्हणायची.

म्हणून हे आधीच सांगते. प्रवास विम्याच्या बहुतेक पॉलिसींमध्ये परवाना नसताना, हेल्मेट नसताना किंवा दारू पिऊन गाडी चालवली तर भरपाई मिळत नाही. आंतरराष्ट्रीय परवाना आपल्या आरटीओतूनच मिळतो. हजार रुपये फी, मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. मूळ लायसन्सवर दुचाकीची नोंद असेल तरच त्याचा उपयोग. नुसतं कारचं लायसन्स असलेली मुलंही तिकडे बिनदिक्कत स्कूटर घेतात. दुसरी गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. आपल्याकडे मिळणारा हा परवाना रस्ते वाहतुकीच्या १९४९ च्या जिनिव्हा कराराप्रमाणे असतो. थायलंडमध्ये तो चालतो. व्हिएतनाम मात्र १९६८ च्या व्हिएन्ना कराराचा परवाना मानतं, म्हणजे तिथे आपला चालत नाही. शिवाय तिथे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने धावतात, आपल्या सगळ्या सवयींच्या उलट. ‘हा ज्यांग लूप’ म्हणून उत्तर व्हिएतनाममधल्या डोंगरांतला एक घाटरस्ता आहे, त्याचे व्हिडिओ बघून मुलं वेडी होतात. तिथे स्थानिक चालकाच्या मागे बसून जाण्याची चांगली सोय आहे. तशीच जा. ताम्हिणीत गाडी चालवली म्हणून तो घाट येत नाही.

आणि गाडी भाड्याने देणारा अनामत म्हणून पासपोर्ट मागतो, तो द्यायचा नाही. गाडीवर एक ओरखडा आला की तो म्हणेल ती रक्कम मोजेपर्यंत पासपोर्ट त्याच्या खणात राहतो. रोख अनामत चालत असेल तर ठीक, नाही तर दुसरं दुकान. पासपोर्ट खरंच हरवला तर आपला दूतावास परत येण्यापुरतं आपत्कालीन प्रमाणपत्र देतो. बँकॉकला दूतावास आहे, चियांग माई, हो ची मिन्ह सिटी आणि बालीत वाणिज्य दूतावास आहेत. पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाचा फोटो घरी आईच्या फोनमध्ये असला की पुढचं काम सोपं होतं.

आता समुद्र. टिळक तलावावर पोहायला शिकलेल्या मुलाला वाटतं, मला पोहता येतं. तलावाचं पाणी एका जागी उभं असतं. समुद्रात किनाऱ्याकडून आत ओढणारा अरुंद प्रवाह असतो, रिप करंट. त्यात सापडलेला माणूस किनाऱ्याच्या दिशेने जीव खाऊन हात मारतो, दमतो आणि बुडतो. करायचं असतं ते वेगळं. घाबरायचं नाही, तरंगत राहायचं, किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाच्या बाहेर पडायचं आणि मग किनाऱ्याकडे वळायचं. फुकेतच्या पश्चिम किनाऱ्यावर मे ते ऑक्टोबर मान्सूनचा समुद्र असतो आणि लाल झेंडे लावलेले असतात. नेमकी आपल्या सुट्टीची वेळ. लाल झेंडा म्हणजे गुडघाभर पाण्यातही उतरायचं नाही. २०२४ च्या जूनअखेर भुशी धरणामागच्या धबधब्यात पुण्यातल्या एकाच कुटुंबातली माणसं वाहून गेली, तो व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिला. पाणी किती क्षणांत वाढतं हे पुणेकरांना वेगळं सांगायची गरज नाही. पण घराबाहेर दोन हजार मैलांवर गेलं की ते आठवत नाही.

दारूबद्दल लिहिताना मला मुलांना उपदेश करायचा नाही. कोण पितं, कोण पीत नाही, हे मी विचारत नाही. काय प्यायलं जातंय ते मात्र महत्त्वाचं आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये लाओसमधल्या वांग व्हिएंग या बॅकपॅकर मुलांच्या आवडत्या गावात मिथेनॉलच्या, म्हणजे भेसळीच्या दारूत असणाऱ्या विषारी अल्कोहोलच्या, विषबाधेने सहा परदेशी पर्यटक दगावले. त्यात ऑस्ट्रेलियाच्या दोन मुली अवघ्या १९ वर्षांच्या होत्या. मिथेनॉलला वेगळा रंग नाही आणि मिसळलेल्या पेयात चवीवरून ते ओळखूही येत नाही. शरीरात गेल्यावर यकृतात त्याचं फॉर्मिक ॲसिड होतं आणि ते आधी डोळ्यांच्या नसा जाळतं. त्रास लगेच होत नाही, कधी बारा तास, कधी पूर्ण दिवस जातो. तोवर सगळ्यांना वाटतं की उतरत नाहीये, झोपू दे. डोळ्यांपुढे धुकं किंवा बर्फ पडल्यासारखं दिसायला लागलं, पोटात कळा आल्या, श्वास जोरजोरात चालू लागला, तर ती हँगओव्हर नव्हे. त्या क्षणी रुग्णालय गाठायचं आणि ‘मिथेनॉल’ हा शब्द डॉक्टरला स्वतःहून सांगायचा. यावर उतारा आहे, डायलिसिसने विष काढता येतं, पण वेळेत पोहोचलं तर. म्हणून फुकट वाटलेले शॉट, बादलीत कालवलेली कॉकटेल, बिनलेबलची घरगुती दारू, बालीतली गल्लीतली ‘अराक’, यातलं काही नको. सील तुमच्यासमोर फोडलेली बाटली किंवा कॅन, एवढंच.

आणि एखादी मैत्रीण किंवा मित्र जास्त झाल्याने आडवा झाला, तर खोलीत एकट्याला टाकून खाली जाऊ नका. पाठीवर झोपवलं तर उलटी श्वासनलिकेत जाते, माणूस गुदमरतो. कुशीवर वळवा, वरचा गुडघा दुमडा, तोंड जरा खाली राहू द्या, आणि कुणीतरी एक जण जागा राहा. हलवून जाग येत नसेल तर रुग्णवाहिका बोलवा. थायलंडमध्ये १६६९, व्हिएतनाममध्ये ११५. थायलंडच्या पर्यटक पोलिसांचा ११५५, तिथे इंग्रजी बोलणारं माणूस मिळतं. ओरडा बसेल, घरी कळेल, या भीतीने मुलं फोन करत नाहीत. आईवडिलांनी निघण्यापूर्वी मुलांना एवढं तरी स्पष्ट सांगावं, की काहीही झालं, चूक कुणाचीही असली, तरी आधी फोन कर, मी तेव्हा रागावणार नाही.

गांजाबद्दलही एक सांगायलाच हवं. थायलंडने २०२२ मध्ये तो मोकळा केला आणि २०२५ मध्ये पुन्हा डॉक्टरच्या चिठ्ठीवर आणला. इंडोनेशियात अमली पदार्थांच्या गुन्ह्याला मृत्युदंडापर्यंत शिक्षा आहे. ई-सिगारेट थायलंडमध्ये आणि सिंगापूरमध्येही बेकायदा आहे. परत येताना कुणी ‘एवढं एक पार्सल मुंबईला नेशील का, तिकिटाचे पैसे देतो’ म्हणालं तर ते नाही म्हणजे नाही. बँकॉकहून आलेल्या बॅगांमध्ये गांजा सापडल्याच्या बातम्या आपल्याच पानांवर सतत असतात.

आता माझ्या विषयाकडे येते, त्या किटकडे. जुलाबावर पहिलं औषध ओआरएस. १९७१ च्या बांगलादेश युद्धात निर्वासितांच्या छावणीत कॉलऱ्याच्या साथीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच मीठ-साखरेच्या पाण्यावर हजारोंचे जीव वाचवले. ते पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या स्वच्छ पाण्यात पूर्ण एकाच वेळी मिसळायचं असतं. पोरं अर्धं पाकीट ग्लासात टाकतात, त्याने मिठाचं प्रमाण चुकतं. टेट्रापॅकमधली गोड फळांची पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. अशा पेयांवर ‘ओआरएस’ हे अक्षर छापायलाही अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली आहे. जुलाब थांबवणारी लोपरॅमाइडची गोळी बसच्या प्रवासापुरती ठीक. पण शौचात रक्त असेल किंवा ताप असेल तर ती घ्यायची नाही, कारण जंतू आतच कोंडले जातात. तापाला फक्त पॅरासिटॅमॉल. आयब्युप्रोफेन आणि ॲस्पिरिन नको, कारण त्या सगळ्या देशांत आपल्यासारखाच डेंग्यू आहे आणि डेंग्यूत या गोळ्यांनी रक्तस्राव वाढतो. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, तेव्हा डास पळवणारं मलम सकाळी लावायचं, रात्रीची उदबत्ती पुरत नाही. ॲंटिबायोटिक मी चिठ्ठीशिवाय देत नाही, आणि कुठल्याच दुकानाने देऊ नये. मुलं नाराज होऊन शेजारच्या दुकानात जातात, तरीही.

गोळ्या पट्टीतच न्या, सुट्ट्या डबीत नकोत, आणि डॉक्टरची चिठ्ठी औषधाच्या मूळ नावासह बरोबर ठेवा. इथे सर्रास मिळणारं एखादं औषध तिथे गुन्हा ठरू शकतं. ट्रॅमाडॉल ही वेदना कमी करणारी गोळी आणि कोडीन असलेलं खोकल्याचं औषध संयुक्त अरब अमिरातीत परवानगीशिवाय नेता येत नाही, स्यूडोएफेड्रिन जास्त असलेल्या सर्दीच्या गोळ्या जपानमध्ये चालत नाहीत. इन्सुलिन, दम्याचा पंप, फिट्सच्या गोळ्या हातातल्या बॅगेत ठेवा. सामानाच्या बॅगेत ठेवलं आणि बॅग दुसऱ्या शहरात गेली, तर तुम्ही काय घेणार? आणि इन्सुलिन एकदा गोठलं की वाया गेलं. फिट्स, दमा, शेंगदाण्याची ॲलर्जी, यांतलं काहीही असेल तर बरोबरच्या किमान दोघांना ते माहीत असू द्या. लाज वाटून लपवू नका. तिकडच्या जेवणात शेंगदाण्याचा कूट जागोजागी असतो. विमा काढतानाही हे लिहायचं, लपवलं तर दावा तिथेच संपतो.

एक गोष्ट आमच्या पिढीला बोलायला जड जाते. वीस-एकवीस वर्षांची मुलं-मुली एकत्र चालली आहेत. बॅगेत बाकरवडी आणि चिवडा आई स्वतः भरते, निरोध मात्र कुणी भरत नाही. माझ्या दुकानात मुलं ते मागताना इकडेतिकडे बघतात, मुली तर मागतच नाहीत. मी काउंटरवर ते समोर ठेवलेत, विचारायची गरज पडू नये म्हणून. निरोध फाटला तर गर्भनिरोधाची तातडीची गोळी ७२ तासांच्या आत आणि जितकी लवकर तितकी चांगली. एचआयव्हीचा धोका वाटला तर त्यावरचं प्रतिबंधक औषधही ७२ तासांच्या आतच सुरू करावं लागतं. सहल संपेपर्यंत थांबून पुण्यात येऊन बघू, असं यात चालत नाही. मुलींनो, मनाविरुद्ध काही झालं तरी हेच आणि असंच, लगेच रुग्णालय. दोष तुमचा नाही.

लशीचं काय, असं विचारतात तेव्हा विमान उद्याचं असतं. लशीला वेळ लागतो, म्हणून सहा आठवडे आधी तुमच्या डॉक्टरकडे जा. हिपॅटायटिस ए, टायफॉइड, धनुर्वाताचा बूस्टर, यांतलं काय राहिलंय ते लहानपणीच्या लसीकरणाच्या कार्डावरून कळतं. केनियाला सफारीला जाणाऱ्यांसाठी पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस निदान दहा दिवस आधी आणि सरकारमान्य केंद्रातच. तिचा दाखला नसेल तर परत येताना आपल्याच विमानतळावर अडवतात. बालीत २००८ पासून रेबीज आहे. तिथली उबुदची आणि उलुवातूची माकडं गॉगल, फोन ओढतात, मुलं ते परत घ्यायला जातात आणि चावा बसतो. ओरखडा जरी आला तरी वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस सुरू करा. रेबीज झाल्यावर उपाय नाही.

परत आल्यावर दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरला ‘मी अमुक देशातून आलोय’ हे पहिल्या वाक्यात सांगा. मलेरियाचा ताप तर महिन्या-दोन महिन्यांनीही येतो, तेव्हा सहल कुणाच्या लक्षातही नसते.

यासाठी माझी तीन ठिकाणी विनंती आहे. कॉलेजांनी मार्चमध्ये, परीक्षेच्या वेळापत्रकाबरोबरच, एका तासाचं बोलणं ठेवावं. एखादा डॉक्टर, एखादा आरटीओचा माणूस, एखादा विमा समजावणारा, एवढं पुरे. विमा विकणाऱ्यांनी दुचाकीचं कलम पहिल्या पानावर, मराठीत, ठळक छापावं. आणि संपादक महाराज, आपण उन्हाळ्याच्या पुरवणीत तिकिटांच्या पानाशेजारी एक चौकट या विषयाला द्यावी. मजकूर मी तयार केलेला आहे, हवा तर पाठवते. दुकानात तो एका कागदावर छापून ठेवलाय, किट घेणाऱ्या प्रत्येकाला देते. मागची बाजू आईवडिलांसाठी आहे. त्यावर विम्याचा पॉलिसी नंबर आणि मदतीचा फोन, राहण्याच्या ठिकाणाचा पत्ता, रक्तगट, बरोबरच्या दोन मित्रांचे आणि त्यांच्या घरचे नंबर भरून तो कागद फ्रिजवर लावायचा.

आपली,
एक औषधविक्रेती, कोथरूड, पुणे